मोरीची जागा : ‘श्यामची आई’तील तीन रात्री

आमच्या धर्मग्रामात महिन्याच्या शेवटच्या रविवारी सायंकाळी वाचनमंडळ भरते. मंडळ हा शब्द अंमळ मोठा झाला. जालना जिल्ह्यातील आमच्यासारख्या लहान धर्मग्रामात पंधरा-वीस माणसे थांबली तरी पुष्कळ, आणि त्यांतलीही काही चहासाठी थांबतात, असा आमचा जुना संशय आहे. या मंडळाने मागील वर्षी ‘श्यामची आई’ वाचायला घेतले तेव्हा आम्ही मनातून थोडे नाराजच झालो. ज्या पुस्तकावर सगळा महाराष्ट्र एकदा रडून मोकळा झालेला आहे, त्यावर नव्याने बोलायचे ते काय? पण वाचन सुरू झाले आणि नवव्या, दहाव्या व अकराव्या रात्रीपाशी आम्ही जे अडलो ते आजतागायत अडलेलेच आहोत. त्या अडण्याचा हा हिशेब.

पुस्तकाची जन्मकथा बहुतेकांस ठाऊक आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ते लिहावयास घेतले आणि १३ तारखेस, म्हणजे अवघ्या पाच दिवसांत, पुरे केले. १९३५ साली ते छापून निघाले. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी. अशा बेचाळीस रात्री. पुढे १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून पुस्तक न वाचलेल्या माणसालाही ते वाचल्यासारखे वाटू लागले.

या पुस्तकाविषयी मराठीत दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक पक्ष ते देव्हाऱ्यात ठेवतो आणि बक्षीस समारंभात मुलांच्या हाती देतो. दुसरा पक्ष त्याला रडके पुस्तक म्हणून नाक मुरडतो. दोन्ही पक्षांचा समज मात्र एकच आहे की, हे केवळ आईविषयीचे पुस्तक आहे व त्यातील रात्री कुठूनही उचलून वाचल्या तरी चालतात. आम्हांस हा समज चुकीचा वाटतो. पाच दिवसांत भरभर लिहिलेल्या या पुस्तकात रात्रींचा क्रम लेखकाने आखून ठेवला होता, असे आम्ही म्हणणार नाही. तरीही तीन रात्री अशा लागोपाठ आल्या आहेत की, त्या सुट्या वाचल्या तर तीन बोधकथा होतात, आणि सलग वाचल्या तर एका कुटुंबाची मोडतोड डोळ्यांपुढे उभी राहते. नववी रात्र ‘मोरी गाय’, दहावी ‘पर्णकुटी’, अकरावी ‘भूतदया’. एका घरातली गाय मरते, ते घर सुटते, आणि नंतर एक पाखराचे पिलू मरते. घटना एवढ्याच.

नवव्या रात्री फार थोडे घडते. मोरी नावाची गाय आहे. तिला आईच्या हाताची सवय आहे. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर ती वासाने ओळखते आणि दूध देत नाही. पुढे गावात पायलागाची साथ येते, ढोरे पटापट मरू लागतात, आणि त्यात मोरीही जाते. आपल्याकडे ज्याला लाळ्या-खुरकूत म्हणतात त्या जातीचे हे दुखणे. २०२२ साली लम्पीच्या साथीत ज्यांनी आपल्या दावणीची गाय दिवसेंदिवस झडताना पाहिली, त्यांना या प्रकरणातला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. आमच्या मंडळात असे तिघे होते. त्या तिघांनी त्या संध्याकाळी चहाही घेतला नाही.

मोरी मेल्यानंतर आई काय करते ते महत्त्वाचे आहे. ती फार बोलत नाही. ज्या जागेवर मोरीने प्राण सोडला त्या जागेवर ती काही दिवस हळदकुंकू आणि फुले वाहत राहते. सगळ्या प्रकरणात आम्हांस ही एक कृती मोलाची वाटते, आणि गुरुजींनीही ती दोन-तीन शब्दांत सांगून टाकली आहे, हे त्यांच्यातल्या कलावंताचे भाग्यच म्हणायचे. दुःखाचे वर्णन करायला गुरुजींना एरवी पानेच्या पाने लागतात. येथे त्यांना ती लागली नाहीत, कारण आईने स्वतःच दुःखाला एक जागा नेमून दिली होती. हातभर सारवलेली जमीन, एवढीच ती जागा. जनावराला समाधी नसते, श्राद्ध नसते, सुतक नसते. धर्माने ज्याची सोय केली नाही त्याची सोय एक बाई घरच्या कुंकवाच्या करंड्यातून करते.

आणि मग आईच्या मनाने घेतलेली एक गोष्ट येते : मोरी गेली आणि तिच्याबरोबर घराचे भाग्य गेले, तेव्हापासून घरात तंटे सुरू झाले. सुशिक्षित वाचक येथे भाबडेपणा म्हणून हसतो. आम्हांस ते हसू घाईचे वाटते. घर मोडण्याची खरी कारणे भाऊबंदकीची व कर्जाची होती, आणि ती गुरुजी पुढच्या रात्रींत लपवीत नाहीत. पण मोडणाऱ्या घरात राहणाऱ्या माणसाला मोडण्याचा पहिला आवाज कोठून ऐकू आला, हे त्याचे त्यालाच ठाऊक. आईला तो गोठ्यातून ऐकू आला.

येथवर सारे गुण्यागोविंदाने चालले होते. मग आमच्या मंडळातील एका वृद्ध सदस्यांनी, जे एरवी ऐकतात आणि फारसे बोलत नाहीत, विचारले, “फादर, त्या मोरीला वढून कोणी नेलं? ते पुस्तकात हाय का?”

खोलीत शांतता पसरली. त्या खोलीतल्या बहुतेकांच्या घराण्यांना या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाशिवायच ठाऊक होते. गावातले मेलेले ढोर ओढून नेणे हे महारांचे काम. ‘श्यामची आई’ तुरुंगात लिहिली जाण्याच्या सहा वर्षे आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत मांस सोडण्याचे व असली कामे टाकून देण्याचे आवाहन केले होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता व तिकडचे वारे इकडे पोहोचायला वेळ लागला. आमच्या या वृद्ध सदस्यांनी बालपणी आपल्या वडिलांबरोबर दोराचे दुसरे टोक धरलेले आहे. मेलेल्या गाईचे एक दुःख गोठ्यातले असते आणि दुसरे वेशीबाहेरचे. दुसऱ्यात भूक मिसळलेली असते, त्यामुळे त्याला शुद्ध दुःखही म्हणता येत नाही. ‘मोरी गाय’ या प्रकरणाचा रोख पहिल्या दुःखावर आहे. त्याची नजर आईवरून हलत नाही. गुरुजींना दुसरे दुःख दिसत नव्हते असा याचा अर्थ कोणी काढू नये. ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र त्यांनीच लिहिली, आणि अस्पृश्यांना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार उघडावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषणाला बसलेही तेच. तरीपण प्रश्न विचारला गेला तो बरोबरच होता, आणि चांगल्या पुस्तकाला तो विचारावाच लागतो.

दहावी रात्र ‘पर्णकुटी’. वाटणीच्या भांडणात श्यामच्या आईवडिलांना मोठे घर सोडावे लागते. काही काळ ती आईच्या माहेरी राहतात, पण माहेरचे मिंधेपण आईला सोसवत नाही. आपल्याला गवताची का होईना स्वतःची झोपडी हवी, असा ती हट्ट धरते, आणि त्यासाठी पाटल्या, नथ, जे असेल ते विकायला सांगते. मग मातीच्या भिंती उठतात, वर गवत पडते, आणि मोठ्या घरची सून त्या झोपडीत अभिमानाने राहायला जाते.

हे प्रकरण स्वाभिमानाची कथा म्हणून पाठ्यपुस्तकी थाटात वाचले जाते. तसे ते आहेही. पण नवव्या रात्रीच्या लगोलग वाचले की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. हळदकुंकवाची ती जागा आता मागे राहिली. ज्या अंगणात आई फुले टाकीत होती तेथे आता तिचा हक्क नाही. गुरुजींनी हे लिहिलेले नाही. त्यांना ते सुचले होते की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण क्रमामुळे वाचकाला ते सुचते, आणि एकदा सुचल्यावर झोपडीचे सगळे वर्णन वेगळे वाटू लागते. आईने सोने विकून काय विकत घेतले? चार भिंती तर खऱ्याच. त्याबरोबर पुन्हा एकदा सारवायची, फुले टाकायची जमीन तिने विकत घेतली, असे आम्ही म्हणू.

घर बदलण्याविषयी बोलण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे. धर्मगुरूची बदली दर पाच-सहा वर्षांनी ठरलेली. सामान एका जीपमध्ये मावते : पुस्तके, कपडे, मिस्साची पेटी, आणि कोणी तरी दिलेले व कधीच न लागलेले घड्याळ. माणसे हार घालतात, भाषणे होतात. मात्र धर्मगुरूच्या बंगल्यावरचा कुत्रा बंगल्याचा असतो, धर्मगुरूचा नसतो. आम्ही आजवर असे तीन कुत्रे मागे ठेवून आलो. नव्या फादरला ते पहिल्या दिवशी भुंकतात आणि आठव्या दिवशी त्याच्या पायाशी झोपतात, असे आम्ही स्वतःला सांगत आलो आहोत. मराठी ख्रिस्ती साहित्यात बिऱ्हाडबदलाचे सर्वांत जिवंत चित्रण अर्थात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. तेथे टिळकांच्या लहरीप्रमाणे संसार गावोगाव फिरतो, आणि लक्ष्मीबाई हसत हसत गाठोडी बांधतात. ते हसू आमच्या वाट्याला आले नाही, आणि श्यामच्या आईच्याही नाही.

आमच्या मंडळातल्या वृद्ध सदस्यांच्या प्रश्नाने आम्हांस एक बंगाली कथा आठवली, आणि पुढच्या महिन्यात आम्ही ती मंडळाला तोंडी सांगितली. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘महेश’. गफूर हा गरीब मुसलमान विणकर, अमिना त्याची मुलगी, आणि महेश हा त्यांचा म्हातारा बैल. गावात दुष्काळ आहे. चराऊ कुरण जमीनदाराने विकून खाल्ले आहे. घराच्या छपराचे गवत उपसून गफूर बैलाला घालतो. एके दिवशी तहानेने वेडा झालेला महेश अमिनेला धडकून तिची पाण्याची घागर फोडतो, आणि रागाच्या एका झटक्यात गफूर त्याच्या डोक्यात नांगराचे लाकूड घालतो. महेश मरतो. त्याच रात्री गफूर मुलीचा हात धरून गाव सोडतो व तागाच्या गिरणीच्या वाटेला लागतो. जी गिरणी त्याने आजवर टाळली होती, कारण तेथे बायकामुलींची अब्रू राहत नाही असे त्याने ऐकले होते.

जनावर जाते आणि घर सुटते, तेही एकाच रात्रीत. पालगडच्या ब्राह्मण घरातील गोष्ट आणि बंगालमधील विणकराची गोष्ट यांत अंतर मोठे आहे, पण निघताना गफूर जे करतो ते पाहा. ज्या बाभळीखाली महेश बांधलेला असे, तेथे येऊन तो थांबतो, आणि तेथेच त्याला रडू फुटते. तो अल्लाकडे दाद मागतो : मला हवी ती शिक्षा कर, पण माझा महेश तहानलेला मेला, तुझे गवत आणि तुझे पाणी ज्यांनी त्याला मिळू दिले नाही त्यांना क्षमा करू नकोस. आईची हळदकुंकवाची जमीन आणि गफूरची बाभळ या दोन जागा आम्हांस एकाच नकाशावरच्या वाटतात. फरक इतकाच की आईला काही दिवस मिळाले, गफूरला काही क्षण.

आणि त्या वृद्ध सदस्यांच्या प्रश्नाकडे शरच्चंद्रांनी निदान एकदा पाहिले आहे. महेशला बांबूला बांधून नेणारी माणसे त्या कथेत येतात. त्यांच्या हातांतल्या लखलखत्या सुऱ्या गफूरला दिसतात आणि तो शहारून डोळे मिटतो. आमच्या वृद्ध सदस्यांनी हे ऐकून मान हलविली. “म्हणजे सुरी दिसली. माणूस नाही दिसला,” ते म्हणाले. शरच्चंद्रांवरची यापेक्षा नेमकी टीका आम्ही कोठे वाचलेली नाही. शेतावरच्या माणसाच्या बाजूने हेच दुःख पुढे मराठीत आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) लिहिले. तेथे ट्रॅक्टर आल्यावर जनावरांचा आणि त्यांच्या गड्याचा संसार एकदमच नकोसा होतो. आणि दुष्काळाने सगळे गावच उठून जाते ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५). त्या दोन्ही पुस्तकांवर सावकाशीने लिहायला हवे. येथे नुसती नोंद.

आता अकरावी रात्र. हिच्यापाशी आमचे गुरुजींशी मतभेद आहेत. ‘भूतदया’ या प्रकरणात मुलांना एक खाली पडलेले पिलू सापडते. मुले त्याला जपतात, चारतात, पाजतात, आणि बहुधा त्या जपण्यानेच ते मरते. मुले त्याला पुरतात आणि रडतात. येथवरचे लेखन निर्मळ आहे. मोठ्या घरातून झोपडीत आलेली मुले. त्यांनी मोरी जाताना पाहिली आहे. आता त्यांना स्वतःच्या हाताने कोणाला तरी वाचवायचे आहे, आणि ते जमत नाही. पुढे आई बोलते. या पाखरावर केलेत तसेच एकमेकांवर प्रेम करा, असा तिचा उपदेश आहे. पशुपक्ष्यांवर जीव टाकाल आणि भावाला पाण्यात पाहाल, असे व्हायला नको.

भाऊबंदकीने होरपळलेल्या बाईच्या तोंडी हे बोल सहज येतात, आणि त्यात खोटे काहीच नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदातही जवळजवळ हेच तत्त्व आहे : प्राण्यांवर प्रेम करावे, मात्र जी माया केवळ माणसांचा हक्क आहे ती त्यांच्याकडे वळवू नये. तत्त्व म्हणून आम्ही ते शिकवितो. पण साहित्य म्हणून आम्हांस येथे घाई दिसते. पिलाला पुरलेल्या जागेची माती अजून ओली आहे. मुले अजून रडत आहेत. इतक्यात त्या मरणाचे धड्यात रूपांतर होते. नवव्या रात्री आईने फुले वाहिली आणि ती गप्प राहिली. अकराव्या रात्री लेखकाने तिला गप्प राहू दिले नाही. ‘श्यामची आई’तील पुष्कळ रात्री अशाच शेवटच्या परिच्छेदात प्रवचनाकडे वळतात, आणि रडकेपणाचा जो आरोप या पुस्तकावर होतो तो वस्तुतः या वळणाचा आहे, असे आमचे मत झाले आहे. अश्रूंची अडचण नाही. अश्रू ताबडतोब उपयोगाला लावण्याची अडचण आहे. दर रविवारी प्रबोधनासाठी उभे राहणाऱ्या माणसाने हा दोष गुरुजींच्या पदरी टाकावा हे थोडे हास्यास्पद आहे, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु दोष ओळखता आला तो त्या सवयीमुळेच.

तो ओळखण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

नवव्या रात्रीचे वाचन मंडळात एका तरुण परिचारिकेने केले. ती जालन्यात नोकरी करते आणि सुटीच्या रविवारी येते. २०१३ च्या उन्हाळ्यात ती नऊ-दहा वर्षांची असेल. आम्ही तेव्हा या धर्मग्रामात पहिल्यांदा नेमले गेलो होतो. तो दुष्काळ जिल्हा विसरलेला नाही. टँकर येईल तेव्हा पाणी, आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळून चाललेल्या. पुष्कळांनी त्या कुऱ्हाडीने तोडून सरपण केले. या मुलीच्या वडिलांनी बैलजोडी विकली आणि कुटुंब जालन्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. घरमालकाला कुत्रा चालणार नव्हता. खंड्या नावाचा त्यांचा कुत्रा चुलत्याकडे ठेवला गेला. तो तेथे राहिला नाही. कुलूप लावलेल्या दारापाशी येऊन बसायचा, आणि एके सकाळी तेथेच मेलेला सापडला. वडिलांनी जालन्याहून येऊन त्याला ओट्याशेजारी पुरले.

पुढच्या रविवारी ती मुलगी मिस्सानंतर आमच्याकडे आली. तिच्या मुठीत दहा रुपयांची घडी केलेली नोट होती. मोठी माणसे मृतांसाठी मिस्सादान देतात, ते तिने पाहिलेले होते. खंड्याचे नाव मिस्सात घ्याल का, असे तिने विचारले.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास शिकलो. पशूचा आत्मा देहाबरोबर संपतो, तो स्वतंत्रपणे टिकणारा नाही, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस पाठ होते. आम्ही ते दहा वर्षांच्या मुलीला दोन वाक्यांत सांगितले आणि वर असेही म्हणालो की, कुत्र्यासाठी रडण्यापेक्षा आईवडिलांना मदत कर. नोट परत केली. बाहेर टँकरवरून भांडण सुरू झाले होते आणि आम्हांस तिकडे जायचे होते. ती काही बोलली नाही.

अकरावी रात्र मंडळात वाचली गेली तेव्हा आईचा तो उपदेश ऐकताना आमचेच शब्द कानांवर आल्यासारखे झाले. आईच्या बोलण्यामागे निदान तिचे स्वतःचे मोडलेले घर होते, आणि मोरीच्या जागेवर वाहिलेली फुले होती. आमच्या बोलण्यामागे घाई होती.

बायबल आम्हांला याहून बरे शिकविते. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो. त्या गरिबाजवळ तेवढी एकच कोकरी होती. ती त्याच्या लेकरांबरोबर वाढली, त्याच्या घासातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे, आणि त्याला ती लेकीसारखी होती. शेजारचा श्रीमंत ती हिरावून नेतो. दावीद हे ऐकून संतापतो, आणि कोणी मेंढराचा इतका लळा लावावा काय, असे विचारीत नाही. त्या मायेची खात्री पटल्यावाचून त्याला स्वतःचे पाप दिसलेच नसते. आणि तोबितच्या ग्रंथात, जो आपल्या कॅथोलिक बायबलात आहे व प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलात नाही, तोबिया दूर देशी निघतो तेव्हा त्याचा कुत्रा बरोबर निघतो आणि परततानाही तो सोबत असतो. त्या कुत्र्याकडून कथेला काहीच काम नाही. तो कोणाला वाचवीत नाही, वाट दाखवीत नाही. घरातला आहे म्हणून तो बरोबर आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्राच्या शेवटाकडे, २४३ व्या परिच्छेदात, अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक प्राणिमात्र रूपांतरित तेजाने आपले स्थान घेईल, अशी आशा व्यक्त केली आहे. अक्विनासांशी त्याचा मेळ कसा घालायचा ते विद्वानांनी पाहावे. दोन वर्षे आधी ते विश्वपत्र आले असते तर आम्ही वेगळे बोललो असतो, असा दावा मात्र आम्हांस करवत नाही. नाथानची गोष्ट तर तेव्हाही होतीच.

‘श्यामची आई’च्या शेवटी आणखी एक प्राणी आहे. आईची लाडकी मांजर, मथी. आई गेल्यावर ती अन्न सोडते, आणि आईने जेथे प्राण सोडला तेथेच थोड्या दिवसांत प्राण सोडते. पुन्हा तीच मांडणी : जागा, आणि त्या जागेवरचे जनावर. मोरीच्या वेळी माणूस जनावराच्या जागेपाशी गेले होते; येथे जनावर माणसाच्या जागेपाशी येते. श्याम आपले प्रेम त्या मांजरीच्या प्रेमाशी ताडून पाहतो आणि स्वतःला उणा ठरवितो. हाही एक प्रकारचा बोध झाला. पण येथे तो बोध सांगणाऱ्याने स्वतःलाच केलेला आहे, आणि म्हणून तो वाचकाला जड होत नाही. अकराव्या रात्रीचा दोष गुरुजींनी शेवटी असा भरून काढला, असे आम्ही मानतो.

वाचनानंतर आम्ही त्या मुलीला त्या नोटेची आठवण दिली. तिला आठवत होती. ती सहज म्हणाली की, गावाकडचे घर आता पडले आहे, एक भिंत आणि ओटा तेवढा उरला आहे. सर्व मृत भक्तांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, तिचे आईवडील आजीआजोबांच्या थडग्यांवर फुले वाहायला गावी जातात, तेव्हा परत येताना आई मूठभर झेंडू त्या ओट्याशेजारीही टाकते. दर वर्षी. आम्ही हे प्रथमच ऐकत होतो.

यंदा थडगी आशीर्वादित करून झाल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर त्या गल्लीपर्यंत गेलो. आई आत गेली, भिंतीपाशी वाकली. पवित्र पाण्याचे भांडे आमच्या हातातच होते. आम्ही रस्त्यावर उभे होतो.